हुतात्म्याचं शिरस्त्राण

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातल्या त्या कारकुनाला घरीदारी सगळे 'सेनापती' म्हणत. आयुष्यात त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता; शेजारचं कुत्रं भुंकलं तरी ते पलीकडच्या फुटपाथवरून जात. पण जुन्या लढायांतली पोलादी शिरस्त्राणं जमवायचं वेड असं, की दिवाणखान्यातल्या कपाटातून बायकोची काचेची भांडी हद्दपार झाली आणि तिथे सव्वीस शिरस्त्राणं ओळीनं बसली. त्यांना हात लावायचा तो पांढरे हातमोजे घालूनच. "हेल्मेट म्हणू नकोस, ते फटफटीवाल्यांचं," असं ते बायकोला बजावत. बायको दोन्ही म्हणत नसे. ती पातेली म्हणे.

सत्ताविसावं भंगारवाल्याकडे मिळालं. गंजकं, डावीकडे अंगठा मावेल एवढा पोचा, आत खिळ्यानं कोरलेलं नाव.

"गोळी लागली वाटतं," सेनापती कुजबुजले.

"लागली असेल की," भंगारवाला म्हणाला. गिऱ्हाइकाचं मन मोडायची त्याची रीत नव्हती.

घरी पोहोचेपर्यंत तो शिपाई जखमी झाला होता, चहा होईपर्यंत धारातीर्थी पडला होता, आणि संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला तोवर त्यानं पडण्यापूर्वी चार सोबत्यांना वाचवलंही होतं. ऑफिसात डॉक्टरांचा कागद नसेल तर सेनापती मेलेल्याला मेला मानत नसत. इथे मात्र त्यांनी नुसत्या पोच्यावर माणूस मारला.

मंडळानं श्रद्धांजलीची सभा ठेवली. त्या सकाळी पेपरात नावासकट बातमी आली. सभागृह भरलं, शिरस्त्राण मखमलीवर विराजमान झालं, शेजारी पुष्पचक्र, पुढ्यात 'हुतात्मा' लिहिलेली पाटी. इतक्यात दारातून एक काटकुळा म्हातारा आत आला. त्याची एकाच गालाची दाढी झाली होती.

"ते नाव माझं आहे," तो म्हणाला.

"तुमच्या वडिलांचं?" सेनापतींनी विचारलं.

"माझं. न्हाव्याकडे बसलो होतो, पेपरात वाचलं की मी गेलो. म्हटलं, बघून तरी यावं."

सेनापतींनी पोच्यावर बोट ठेवलं. "पण ही गोळी..."

"कसली गोळी! मी पलटणीचा स्वयंपाकी. ह्यात बटाटे उकडायचो. एकदा उतरवताना हातातून निसटलं, घरंगळलं ते थेट ट्रकच्या चाकाखाली."

सोबत आलेली सेनापतींची बायको मागे खुदकन हसली. अध्यक्षांनी मात्र सेनापतींना बाजूला ओढलं. "पाहुण्यांचं भाषण छापून झालंय! ह्यांना म्हणावं, मागे बसा. तासाभरानं जिवंत असलात तर काय बिघडेल?"

सेनापती म्हाताऱ्याकडे वळले आणि सवयीनं बोलून गेले, "काका, हयातीचा काही पुरावा?"

"मी गेल्याचा तुमच्याकडे आहे?"

सेनापतींचे कान लाल झाले. म्हातारा मात्र रागावला नाही. "असू द्या. माझ्यासाठी एवढी माणसं कधी जमली नव्हती. स्वयंपाक्याबद्दल चांगलं बोलतं कोण?" म्हणत तो शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला.

पाहुण्यांनी त्याला सिंह म्हटलं, वाघ म्हटलं. तो मान डोलावत राहिला. मग दोन मिनिटं शांततेसाठी सगळे उभे राहिले. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी खिसा चाचपत होतं. ताठ उभा होता तो एकटा म्हातारा, डोळे मिटून. कोण जाणे कोणाकोणाला आठवत होता! सेनापतींना ते बघवेना. शांतता संपली तसे ते माइकपाशी गेले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. स्वयंपाकी, बटाटे, ट्रक, सगळं.

सभागृहात चुळबूळ झाली. पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "म्हणजे हे मेलेच नाहीत? शुद्ध फसवणूक!" त्यांच्या मागोमाग रांगाच्या रांगा रिकाम्या झाल्या. जाताना अध्यक्षांनी पुष्पचक्र परत नेलं आणि सेनापतींचं सभासदत्वही.

म्हाताऱ्यानं उघड्या हातांनी शिरस्त्राण उचललं, उलटं करून आत पाहिलं.

"घेऊन जा, काका. तुमचंच आहे."

"नको बाबा. मान अवघडायची त्यानं."

"बटाटे किती मावायचे हो?" बायकोनं विचारलं.

"बारा. लहान असले तर सोळा."

सेनापतींनी हातमोजे काढले, खिशातलं पेन घेतलं, पाटीवरचा 'हुतात्मा' खोडून 'स्वयंपाकी' लिहिलं.

"पुढे 'उत्तम' घाला," म्हातारा वाकून बघत म्हणाला.

"'उत्तम' आधी येतं, काका."

"मग आधी घाला. पण घाला."