अकरा अर्ध्या फेऱ्या

तळ करपलेलं पातेलं.

काडेपेटीच्या कारखान्याचा भोंगा.

पदराच्या गाठीत अकरा चिंचोके.

निर्वासितांच्या कँपातल्या सिंधिणीची पापडांची टोपली.

ओलांडायची नाही अशी पन्हळ.

कुळगावातली निम्मी पोरं ठमाबाई सुईणीच्या हातांवर जगात आलेली. आता वेळ होती तिच्या पोटच्या पोरीची. चंद्री पहिलटकरीण, म्हणून माहेरी आलेली. नववा लागला होता. पण चंद्रीची सासू कौसाबाई चिखलोलीहून आली ती अडूनच बसली. तिचा भाऊ गोमा, त्याच्या घरच्या बाळंतपणाला ठमाबाईच सुईण होती, आणि तिथं गरम पाण्याचं पातेलं आटून करपलं होतं.

"तुमचं चित्त थाऱ्यावर नसतं, विहीणबाई. अंबरनाथाच्या देवळाला अकरा फेऱ्या घाला. मुक्यानं, पावलावर मन ठेवून. जमलं तर चंद्रीला हात लावा. नाहीतर मी कल्याणची सुईण आणते."

महादेवाची फेरी अर्धी. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. ठमाबाईचा जन्म गेलेला गावच्या मारुतीला गोल फिरण्यात. पाय आपसूक गोल जायचे.

पहिली. पाऊल. पाऊल. दगड तापलेला.

चौथी. पाऊल. चंद्रीच्या पायांना सूज आहे, मीठ कमी करायला हवं, दाईला दाखवायला... अगं बाई, दाई तर मीच!

"ओलांडलीत!" पायरीवर बसलेली कौसाबाई केवढ्या खुशीत ओरडली. फेरीमागे एक असे पदराच्या गाठीतून काढून मांडलेले चिंचोके तिनं गोळा केले. "चला, पहिल्यापासून."

बोलायचं नव्हतं, म्हणून विहीण वाचली.

पुन्हा पहिली.

पाचवी. "मन पावलावर, ठमाबाई!" होतंच की तिथं. ही बया हाक मारून मारून उठवत होती त्याला.

सहावी. भोंगा झाला. उचललेला पाय पन्हळीअलीकडेच थांबला.

नववी. आता हाका बंद होत्या. सावलीतला दगड गार, पुढचा शेवाळलेला. भिंतीतल्या दगडी बाईचा हात मनगटात तुटलाय. इतक्या वर्षांत आज दिसला.

अकरावी.

ठमाबाई पायरीशी आली, तर कौसाबाईच्या मांडीवर पापडांची टोपली.

"माई, इसमें काली मिरी है," सिंधीण सांगत होती.

"पण तळायचा की भाजायचा?"

"झाल्या अकरा," ठमाबाई म्हणाली.

कौसाबाईनं दचकून खाली पाहिलं. "कुठल्या? चिंचोके तर सहाच आहेत. पुन्हा पहिल्या—"

"पुन्हा?" ठमाबाईचा आवाज गाभाऱ्यापर्यंत गेला. "सकाळपासून टाचा भाजून घेतेय मी! पावलावर मन मी ठेवायचं, अन् तुम्ही पापडावर?"

मांडलेले सहा आणि विहिणीच्या पदराच्या गाठीतले पाच, असे अकराही चिंचोके तिनं विहिणीच्या मुठीत कोंबले.

"उठा. आता तुम्ही घाला अकरा. तोवर माझ्या पोरीच्या खोलीत यायचं नाही."

कौसाबाईच्या तोंडात पापडाचा तुकडा होता. काळी मिरी झोंबली होती.

ठमाबाई कुळगावच्या वाटेला लागली.

गोमाच्या घरी त्या पातेल्यापाशी बसायचं काम कौसाबाईकडे होतं.