चार लिंबं आणि टंबलरभर दूध

आमच्या रस्त्याच्या, मेल वीधीच्या टोकाला सकाळी अशी गर्दी जमली, की टाऊन बसला वळता येईना. मधोमध चक्रसामी नावाच्या बाबांची पांढरी मोटार, चारही चाकांना लिंबं बांधलेली. वाटेत फक्त डाव्या बाजूला अर्ध्या विटांची ओळ, आणि पुढच्या सीटवर पितळी टंबलरात दूध. मोटार विटांवरून गेली. डावी चाकं वर-खाली झाली, दूध जेमतेम डुललं. बायकांनी भक्तीने गालांवर चापट्या मारून घेतल्या.

मग सामींचीच जुनी जीप आली. लिंबांविना. ती अशी हिंदकळली, की दूध सगळं ड्रायव्हरच्या वेष्टीवर, नेसल्या धोतरावर.

"पाहिलंत? चार लिंबांत चार दिशांचे देव बसवलेत मी!" सामी गरजले. "माझी मोटार दिसली की खड्डा मान खाली घालतो!"

खड्ड्याला मान असते, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्याकडे नवी गाडी घेतली की चाकांखाली लिंबं ठेवून चिरडतात. हौस आहे, असू दे. या माणसाने त्या हौसेलाच हात घातला. लिंबं चिरडायची नाहीत म्हणे. मंतरून, पिवळ्या फडक्यात गुंडाळून चाकांच्या आतल्या बाजूला बांधायची.

माझ्या थोरल्या भावाने, गुरुमूर्ती अण्णाने, आठ दिवसांपूर्वी बांधून घेतली होती. त्याच्या मोटारीचं पुढचं डावं चाक महिनाभर टक-टक वाजत होतं. माझं स्पेअर पार्टचं दुकान. खोक्यांतले कागद वाचून वाचून जे शिकले, त्यावरून त्याला सांगितलं होतं, बॉल जॉइंट गेलाय, बदल. सामींनी सांगितलं, शनी दार ठोठावतोय. अण्णाला शनी पटला. आणि आज दुपारी त्याच मोटारीतून तो ओरत्तनाडूहून विनुताला आणणार होता. त्याची लेक. नववा महिना.

"अण्णा, गाडी काढू नको."

"अंबा, तुझी कशावरच श्रद्धा नाही."

"आहे की. नट-बोल्टवर."

सामी तोवर सक्करै पोंगल, तो तुपाळ गोड भात, हाणत होते. तूप हनुवटीवरून ओघळत होतं, आणि तेच बोट ते बायकांच्या कपाळाला लावत होते. मी जाऊन जीपच्या टायरवर अंगठा दाबला. दगड! हवा ठासून भरलेली.

"अम्मा, बाईमाणसाने चाकाला शिवू नये," सामी म्हणाले.

"बरं. मग तुम्हीच शिवा. मोटारीची लिंबं सोडून जीपला बांधा, आणि पुन्हा चालवा."

"मंत्राची परीक्षा घेतेस?" सामींनी ढेकर दिली.

दूध देणारी श्रीलक्ष्मी पुढे झाली. "दूध माझं सांडलंय, सामी. बघू द्या की."

लोकच ओरडायला लागले. मोटारीची लिंबं सोडून जीपला बांधली. मोटार लिंबांविना गेली. दूध जागच्या जागी. जीप चार दिशांचे चार देव घेऊन आली. दूध पुन्हा वेष्टीवर.

"जीपवर कोणीतरी करणी केली!" सामी म्हणाले.

"करणी नाही, बांधणी," मी म्हटलं. "कावड खांद्यावर घेता ना? एक घागर वर गेली की दुसरी खाली. जीपची दोन चाकं तशी एकाच दांड्याला जखडलेली. एक विटेवर चढलं की दांडा तिरका, दुसरंही कलंडतं, हिसका वर येतो. त्यात स्प्रिंगचे पाटे कडक आणि टायर दगड. या मोटारीत प्रत्येक चाकाला स्वतःचा हात, स्वतःची स्प्रिंग. दोघींनी आपापली घागर कडेवर घ्यावी तसं. एक अडखळली तरी दुसरीचं पाणी सांडत नाही. हे कारखान्यातच होतं. आजकालच्या बहुतेक मोटारींत पुढच्या चाकांना असतंच. अण्णा, तुझ्याही."

"मग माझी का वाजते?"

"तो हात चाकाला जिथे जोडलाय, तिथला गोळा झिजलाय म्हणून. निखळला, तर चालत्या गाडीचं चाक आडवं पडेल."

अण्णाची मोटार कडेलाच उभी होती, तिला मी जॅक लावला. पिवळं फडकं सोडलं. आत लिंबू कुजून काळं पडलेलं, बुळबुळीत, अळ्या झालेल्या. त्यामागे जॉइंटची रबरी टोपी फाटलेली, आत गंज. मी चाक वर-खाली हलवलं. टक. टक.

"हा तुझा शनी."

अण्णाने स्वतः हात घालून चाक हलवलं, पुन्हा हलवलं, आणि तिथेच रस्त्यावर बसला. "तिला यातून आणणार होतो मी," एवढंच म्हणाला.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. विनुता दुपारी श्रीलक्ष्मीच्या मोटारीतून आली.

अण्णाकडे सगळे बघत असताना सामी निसटले. त्यांची मोटार आमच्या वीधीतल्या सगळ्या खड्ड्यांवरून एक हिसका न देता गेली. लिंबांविना.

गाडी वाजते तेव्हा ती नशीब सांगत नसते. खाली काहीतरी सैल झालंय, एवढंच सांगते. वाकायचंच असेल तर असल्या सामींच्या पायांशी वाकू नका. चाकाशी वाका, आणि डोळे उघडे ठेवून बघा.