उणे बारा

विज्ञानापुढं सगळे समान असतात. प्रयोगशाळेत खुर्ची मात्र एकच होती, आणि तिच्यावर निंबाळकर सर बसले होते. हंगामी शिपाई चन्नप्पा उभ्यानं बादलीतल्या बर्फात मीठ कालवत होता.

बर्फात काचेची नळी आणि नळीत मँगनीज ऑक्साइडची काळी वडी होती, बत्ताशाएवढी. चन्नप्पानंच ती घोटून, दाबून, भट्टीत भाजली होती. स्फटिकात मोकाट हिंडणारे इलेक्ट्रॉन फार गारठले की पंगतीसारखे ठरल्या पाटांवर, ठरल्या दिशेला तोंड करून बसतात आणि वीज अडते. हे उणे शंभर अंशांच्याही खाली होतं, असं परदेशी पुस्तकात छापलं होतं. म्हणजे बर्फ-मिठाच्या गारव्यात काहीच घडत नाही. एवढं सिद्ध करून सर डॉक्टर होणार होते.

उणे बाराला वडीशी तारांनी जोडलेल्या मीटरचा काटा उडाला; वीज अडली होती.

"तार सुटली. तुझं लक्ष कुठं असतं?"

"सर, चवदा बारी झालं. दर बारीला उणे बारालाच? तार काय पंचांग बघून सुटती व्हय?"

"शिक्षण किती तुझं?"

"सातवी. नापास."

"मग इलेक्ट्रॉननी कुठं बसायचं ते तू ठरवू नकोस." सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "तारा नीट जोडल्या नाहीत, एवढं लिहून दे. तुला कायम करायची शिफारस मलाच करायचीय, ठाऊक आहे ना?"

चन्नप्पा दहा वर्षं हंगामी होता. पण त्याच्या बायकोनं, जगदेवीनं, मुलीच्या सासरी 'आमचे हे कायम हायत' असं सांगून सोयरीक जमवली होती. त्यानं लिहून दिलं. अक्षर सुरेख होतं.

सरांनी आलेखातली उडी खोडरबरानं पुसली आणि पट्टीनं सरळ रेघ ओढली.

जूनमध्ये हंगामी लोकांना कायम करायची समिती बसली. चन्नप्पाची कबुली वाचून झाली. निष्काळजी माणूस कायम करता येत नाही, आणि हंगामी ठेवणंही धोक्याचं.

"सर, तुमीच लिवायला लावलं की!"

"अक्षर तुझं आहे, चन्नप्पा. मी काय करणार?"

शेवटच्या दिवशी सरांनी त्याला पोस्टात पिटाळलं. प्रबंध मंजूर झाल्याचं पत्र सोमवारीच आलं होतं, पेढेही वाटून झाले होते. आता परीक्षकांकडून प्रत परत आली होती. चन्नप्पानं टेबलावर पुडकं ठेवून वरचा नवा कागद सोडवला.

आत, प्रबंध परीक्षकांकडे पाठवताना त्यानंच बांधलेली सुतळी तशीच होती. गाठीवरची लाखेची मोहर फुटलेली नव्हती.