रुख्माबाईच्या पाठीवरचा भोपळा

मित्रांनो, गणिताच्या पेपरावर गुरुजी लाल शाईने जो भोपळा काढतात, तो मी नव्हे. त्याच्याशी माझं नातं नाही आणि मला ते जोडायचंही नाही. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण निम्म्या हिंगणी गावाला मी जे शिकवलं ते कोणत्या गुरुजीला जमलं नाही. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधतात तो वाळका भोपळा मी. वय झालं आहे, पण अजून आत पाणी शिरलेलं नाही.

नत्थूजींच्या गोठ्याच्या छपरावर माझा वेल चढला होता. वेल निघाला कडू. माझे सगळे भाऊ उकिरड्यावर गेले. मी तेवढा वाचलो, कारण नत्थूजींची म्हातारी आई खालून मला निरखत होती. "हा राहू द्या," ती म्हणाली, "याचं पोट मोठं हाय, पोरायच्या कामी येईन." मी वेलावरच वाळलो. मग तिने मला चुलीच्या वर, धुरात टांगलं. पुढे अंगाला तेल चोळलं, सुताच्या दोरीची जाळी विणून घातली. एवढी हौस तर तिने स्वतःच्या लेकाच्या लग्नात केली नसेल.

नत्थूजींच्या वावरात पायऱ्यांची विहीर आहे. उन्हाळा लागला की गावातली पोरं तिथे जमायची आणि माझ्यासाठी नंबर लागायचे. माझं काम सोपं आहे असं कुणालाही वाटेल. बुडायचं नाही, एवढंच. पण खाली कुणी घाबरून लाथा झाडत असताना न बुडणं काय असतं, ते एकदा करून बघा आणि मग बोला. पोरगं पहिल्या दिवशी मला देवासारखं कवटाळायचं. हातपाय चालायला लागले की दोरी सोडून काठावर फेकून द्यायचं आणि मागे वळून बघायचंसुद्धा नाही. मला राग यायचा. पण आतून बरंही वाटायचं, कारण माझी गरज संपली म्हणजेच माझं काम झालं.

पोरींच्या पाठीला मात्र मला कधी कोणी बांधलं नाही. त्या पायरीवर बसून धुणं धुवायच्या. नत्थूजींची नवी नवरी रुख्माबाई त्यांच्यातच असायची. लुगडं पिळता पिळता ती पाण्यातल्या पोरांकडे बघत राहायची, आणि बघता बघता पीळ जरा जास्तच घट्ट बसायचा.

पुढे गावात ट्रकच्या चाकांच्या रबरी ट्यूबा आल्या. काळ्या, ढेरपोट्या, वास मारणाऱ्या. पोरांना त्याच आवडल्या. माझी रवानगी गोठ्यात झाली. कोळ्याने माझ्यावर जाळं विणलं. एक कोंबडी तर माझ्याकडे बघून रोज कुरकुरायची, जशी काही मीच तिची जागा अडवली होती. मला वाटलं, संपलं आता. असंच टांगून राहायचं आणि एक दिवस फुटायचं.

गोठा आणि चूल यांच्यामध्ये एक कुडाची भिंत आहे. त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं. अठ्ठ्याहत्तर साली नत्थूजींच्या मुलाचं, ओमप्रकाशचं लग्न झालं आणि सेलूची नलू सून होऊन आली. पोरगी कामाला चलाख. नत्थूजींनी चार लोकांसमोर बायकोला सांगितलं, "आता तू आराम कर." हा आराम कोणी शोधला असेल तो असो, पण रुख्माबाईला त्याचं काय करायचं ते कळेना. ती सकाळी उठायची तर सडा झालेला. चुलीपाशी जायची तर भाकर थापून झालेली. मग ती झाडलेलं अंगण परत झाडायची, शिजलेल्या भाजीचं झाकण उघडून बघायची, वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा तेच वाळत घालायची. हात रिकामे, म्हणून सगळं काम जिभेवर आलं.

"नलू, वरणात गूळ टाकला काय वं?"

"थोडासाच टाकला, आत्याबाई."

"सेलूले टाकत असतीन. आमच्या इथं वरण खातेत, शिरा नाई खात."

असं रोज. नलूही काही मुकी नव्हती. शब्दाला शब्द लागायचा आणि शेवटी रुख्माबाई आपला ठरलेला हुकमी बाण काढायची, "चालली मी विहिरीत." म्हणजे जीव द्यायला. नत्थूजींनी हे लग्नापासून ऐकलेलं, ते सुपारी कातरत राहायचे. नलूला मात्र ते खरं वाटायचं. रात्री ती नवऱ्याला सांगायची, "मले भेव वाटते जी. आपण पिपरीले खोली करून राहू." ओमप्रकाश पिपरीजवळच, वर्ध्याला नोकरीला होता, त्याच्या मनात ते भरत चाललं होतं. घर मोडायला आलं होतं, मित्रांनो, आणि तेही चमचाभर गुळावरून.

एका दुपारी अशीच वादावादी झाली आणि रुख्माबाई रुसून गोठ्यात येऊन बसली. बसून बसून तरी काय करणार? तिने वर पाहिलं. मला खाली काढलं, पदराने जाळं पुसलं, बोटाने ठोकून बघितलं. आतलं बी वाजलं. ती बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली. मग तिने इकडे तिकडे पाहिलं, मला पदराखाली झाकलं आणि वावराची वाट धरली. एवढा मोठा भोपळा पदराखाली कुठे झाकला जातो? पण दुपारी सगळं गाव झोपलेलं होतं.

आता एक गोष्ट मला बायकांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला की पोहायला त्याच्यासारखं वस्त्र नाही. पायात काही अडकत नाही. हे पाण्यात शिरल्यावर रुख्माबाईच्याही ध्यानात आलं. पहिल्यांदा तिने मला पाठीला बांधूनही पायरीचा दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. सगळ्या गावाला धाकात ठेवणारी बाई, पण पाण्यापुढे तिची जीभ चालेना. मग तिने एक हात सोडला. मग दुसरा. आणि मी तिला धरलं.

ती उताणी तरंगू लागली. विहिरीतून वर बघितलं की आभाळ ताटाएवढं दिसतं आणि कपारीतले पारवे त्याच्या कडेने उडत असतात. कान पाण्यात गेले की जग गप्प होतं. रुख्माबाई हसली. हसायची सवय मोडलेली, त्यामुळे पहिलं हसू जरा खोकल्यासारखं निघालं.

मग ती रोज येऊ लागली. सोबत कोरडं लुगडं आणायची, घडी करून काठावर ठेवायची. हात मारायला शिकली, पाय मारायला शिकली. ज्या पोरांकडे बघत ती तरुणपणी पीळ घालायची, त्यांचं सगळं बघून ठेवलेलं तिच्या अंगात होतं, फक्त बाहेर यायचं राहिलं होतं. घरी गेल्यावर तिला कडकडून भूक लागायची. वरणात गूळ आहे की नाही हे बघायच्या आधीच वरण संपायचं.

घरात शांतता झाली, आणि त्या शांततेने सगळ्यांचं धाबं दणाणलं. नत्थूजींनी विचारलं, "ओमप्रकाशची माय, तुले बरं नाई काय?"

"मस्त हाय."

"मंग बोलून काऊन नाई राह्यली?"

शेजारची भागीरथाबाई ओट्यावर बसून नलूला हळूच म्हणाली, "जे बाई अशी अचानक गुमसुम होते ना, तिच्यावर लक्ष ठेवजो बाप्पा. मनात काई घेऊन बसली असन." नलूची झोप उडाली.

आणि एक दिवस घोटाळा झाला. नलू दळण निवडत होती. रुख्माबाई कोरडं लुगडं काखेत मारून निघाली. जाता जाता सहज, अगदी सरळ मनाने म्हणाली, "नलू, मी विहिरीत चालली वं."

जन्मभर ती हे वाक्य खोटं बोलली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ते खरं होतं, आणि त्याच दिवशी ते भलत्याच अर्थाने खरं मानलं गेलं.

नलू ताडकन उठली. मग दाणे उधळून धावली. वाटेत तिने भागीरथाबाईला हाक दिली, भागीरथाबाईने गावाला दिली. नलू विहिरीवर पोचली तेव्हा काठावर चपला होत्या, घडी केलेलं लुगडं होतं. खाली पाण्यावर सासूचे पिकले केस पसरलेले. "आत्याबाई, आत्याबाई," ती ओरडत होती. पण आत्याबाईंचे कान पाण्यात. नलू शेवाळलेल्या पायऱ्यांवरून खाली आली, शेवटच्या पायरीवरून हात लांबवला, आणि पाय घसरून धपकन पाण्यात पडली. तिला पोहता येत नव्हतं.

लाट अंगावर आली तशी रुख्माबाईने डोळे उघडले. हिरव्या बांगड्यांचा एक हात पाण्याबाहेर येत होता आणि जात होता. ती दोन हातांत तिथे पोचली. नलूने तिच्या गळ्याला मिठी मारली. बुडणारं माणूस असंच करतं, आणि मग दोघंही जातात. मला ते ठाऊक होतं. माझ्या जाळीची दोरी करकरली. दोघींचं वजन पेलायला माझा जन्म झालेला नव्हता, मित्रांनो. मी पाण्याखाली चाललो होतो, आयुष्यात पहिल्यांदाच.

रुख्माबाईने मिठी सोडवली. छातीवरची सुरगाठ एका हिसक्यात ओढली आणि मला नलूच्या पोटाखाली सारलं. "भोपळा धर," ती म्हणाली, "मले नको धरू. भोपळा धर वं माय."

नलूने मला धरलं. मी वर आलो. रुख्माबाई तिच्या वेणीला धरून तिला ओढत पायरीपाशी घेऊन आली. दोघी पायरीवर बसून धापा टाकू लागल्या तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की रुख्माबाईच्या पाठीवर मी नव्हतोच. ती माझ्याशिवाय पोहत आली होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि मी मुळातच हलका आहे.

नलूला रडू फुटलं, आणि रडता रडता राग आला. "विहिरीत जाचं व्हतं तं सांगून जाचं ना, आत्याबाई."

"सांगून तं आली वं मी."

तोवर वर माणसं गोळा झाली होती. कुणी दोरखंड आणला होता, कुणी खाली सोडायला बाज उचलून आणली होती. नत्थूजींचं धोतर सुटायला आलं होतं आणि सुपारीचा अडकित्ता अजून हातातच होता. दोघी जिवंत दिसल्या तसं त्यांनी धोतर सावरलं. मग घाबरलेला माणूस रागावतो तसे रागावले. "हे काय वय हाय पोहाचं? लोकं काय म्हणतीन? उद्यापासून बंद."

भागीरथाबाईने री ओढली, "मी तं म्हणतो, बाईनं देवळात जाऊन बसाव. बेंडकावाणी पाण्यात काय पडून राहाचं?"

एरवी रुख्माबाईने दोघांना उभं चिरलं असतं. पण त्या दिवशी ती मान खाली घालून लुगडं पिळत राहिली. सून तिच्यामुळे बुडाली असती. मला वाटलं, गेलं. मी परत गोठ्यात आणि ही परत वरणाच्या झाकणाशी.

बोलली ती नलू. दात वाजत होते, तरी बोलली. "बंद काऊन, मामाजी? कितीक दिवस झाले, आत्याबाईनं माह्या वरणाले नाव नाई ठेवलं. मले वाटलं का माह्यं वरण सुधारलं. ते वरण नाई, हे विहीर व्हय. आत्याबाई रोज येतीन इथं. मीच पाठवीन."

वर कुणीतरी खुदकन हसलं. मग नत्थूजी हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. बाज आणली होती ती वाया जाऊ नये म्हणून तेच तिच्यावर आडवे झाले.

पिपरीच्या खोलीचा विषय त्यानंतर निघाला नाही. भांडणं होतात, नाही असं नाही. पण रुख्माबाईला धमकीसाठी दुसरा शब्द शोधावा लागला. हल्ली ती काशीला जाते म्हणते. ती आता विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकटी जाते, आणि मला बांधतात ते नलूच्या पाठीला. सासू पायरीवर उभी राहून ओरडते, "पाय मार, पाय. वरण ढवळून राह्यली काय?" त्या दिवशी माझ्या बुडाशी एक चीर गेली होती, ती नलूने मेण वितळवून बुजवली.

मित्रांनो, मला उन्हात टाकून जाऊ नका, मी तडकतो. काम झालं की पुसून सावलीत ठेवा. आणि तुमच्या घरात एखादं मोठं माणूस उगाचच सगळ्यांवर खेकसत असेल, तर त्याला आराम करायला सांगू नका. आरामानेच त्याला आजारी केलेलं असतं. तरुणपणी तुम्ही कशाकडे बघत राहायचात, एवढं त्याला विचारा. तो आधी रागावेल. रागावू द्या आणि परत विचारा.

आता मला मोकळं करा. दुपार झाली आहे, गाव झोपलं आहे आणि पायऱ्यांवर कुणाची तरी चाहूल आहे. भागीरथाबाई आहे. काष्टा घट्ट मारलेला, दोन्ही बाजूंना बघत बघत एकेक पायरी उतरते आहे. "रुख्मा," ती पाण्यापाशी उभ्या रुख्माबाईला दबक्या आवाजात म्हणते, "दोरी पक्की बांधजो. आन् कोणाले सांगू नको."