भात्यातली तीन टोकं

हरणाच्या शिकारीसाठी बाणाला कुठलं टोक लावायचं, एवढाच नेड्राचा प्रश्न होता. पण विस्कॉन्सिनच्या रानाकडेला राहणाऱ्या टॉलेफसनांच्या घरात तो विचारणं म्हणजे मोहोळाला दगड मारणं.

"तीन पात्यांचं, घट्ट बसवलेलं," नवरा आर्लो म्हणाला. "डोळे झाकून घे. त्यात मोडण्यासारखं काही नाही."

"ह्याचं ऐकशील तर फसशील," दीर डेल्मर म्हणाला. "मिटल्या पात्यांचं घे. हवेत सुईसारखं जातं, हरणाला लागलं की छत्रीसारखं उघडतं."

"छत्री पावसात वापर," सासरे ऑर्विल खुर्चीतून गुरगुरले. "पोरी, दोन पात्यांचं घे आणि स्वतः कानशीनं घास. हातावरचे केस निघाले की धार आली समज." त्यांच्या डाव्या हातावर एक केस शिल्लक नव्हता.

गावातल्या दुकानात गेली तर अख्खी भिंत टोकांच्या पाकिटांनी भरलेली, आणि विक्रेत्यानं तिला चौथंच काहीतरी दाखवलं. नेड्रा च्युइंगम घेऊन घरी आली.

हसण्यासारखंच होतं, पण नेड्राला हसू येत नव्हतं. गेल्या शिकारीच्या हंगामात आर्लोनं एका हरणीवर बाण सोडला. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत दिसले, मग दिसेनासे झाले. आठवड्यानं कुत्र्याला फिरवताना नेड्रालाच ती सापडली. बाण फुप्फुसात नव्हता, पोटात होता. अशी जखम झालेलं हरीण लगेच मरत नाही, हे त्या घरातल्या लहान पोरालाही माहीत. आर्लो म्हणाला, "मधे फांदी आली. बाण फिरला." वर्षभर तो तेवढंच म्हणत राहिला.

नेड्रा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि वीस वर्षं त्या घरातल्या हरणांचा रस्सा रांधत आली होती. तिनं ठरवलं, खायचं तर एकदा स्वतः मारून खायचं, नीट, एका बाणात. आपल्या हातून तसं पोटात लागलेलं हरीण रानात गेलं, तर धनुष्यही नको आणि तो रस्साही नको.

म्हणून उन्हाळाभर तिनं रानातल्या त्यांच्या शिकारीच्या केबिनमागे फोमच्या ठोकळ्यावर सराव केला. सरावाचं टोक वेगळं, साधं, पेन्सिलीसारखं. बाण बशीएवढ्या जागेत बसायला लागले. तिघांनी दिलेली पात्यांची टोकं मात्र डबीतच राहिली. ती फोमवर मारली की धार जाते, म्हणून हंगामाआधी त्यांना कुणी हात लावत नाही. आर्लोच्या आजोबांच्या काळापासून हेच चालत आलेलं. आणि निवड काही होईना, तेव्हा तिनं भात्यात तिघांचीही टोकं घेतली. सगळ्यांचं मन राखलं आणि स्वतःचं डोकं भंजाळून घेतलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ती मचाणावर बसली होती. ओकच्या फळांवर एक हरणी आली. सावकाश, खात खात, अगदी समोर. नेड्राचा हात भात्याकडे गेला आणि तिथेच घुटमळला. छत्री? की घासलेलं? शेवटी आर्लोचं घेतलं, कारण नवरा तो. दोरी ओढली, बरगडीवर नेम धरला. आणि तिच्या मनात आलं: हे टोक मी एकदाही सोडलेलं नाही. हे कुठे जाईल, मला काय माहीत?

तिनं दोरी हळूच सैल केली. तेवढी कुरकुर हरणीला पुरली. पांढरं शेपूट वर करून ती गेली. नेड्राला रडूच आलं, आणि नेमकं कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

केबिनवर डेल्मर कात्री घेऊनच उभा होता. नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकायचं, ही त्यांची रीत. भिंत चौकडीच्या कापडांनी भरली होती.

"सोडलाच नाही तर चुकला कसा?" ऑर्विल म्हणाले.

"न सोडणं म्हणजे डबल चुकणं," डेल्मर म्हणाला. "वळ, नेड्रा."

"काप," नेड्रा म्हणाली. "पण आधी सांगा, ह्यातलं एक तरी टोक तुम्ही कधी फोमवर मारून पाहिलंय?"

"धार जाते," तिघंही एकदम म्हणाले.

"मग ते कुठे जातं हे कळतं कसं?"

"कळतं," आर्लो म्हणाला.

ती केबिनच्या मागच्या बाजूला गेली. तिघं हसत तिच्या मागे. डेल्मरनं आपलं टोक लावून सोडलं, ते बरोबर मधोमध बसलं. "झालं समाधान?" तो म्हणाला. मग नेड्रानं तेच आपल्या हलक्या धनुष्यातून सोडलं. ते बोटभरच आत शिरलं, आणि छत्री अर्धीच उघडली. डेल्मर टोक उलटंसुलटं करून पाहत राहिला. ऑर्विलना एवढ्या लांबचा ठोकळाच दिसत नव्हता. नेड्राचा गोंधळ आता दुप्पट झाला.

"आर्लो, तू मार," ती म्हणाली.

आर्लोनं आधी सरावाचं टोक लावलं. मधोमध. मग तीन पात्यांचं लावलं. बाण वीतभर उजवीकडे गेला. "वारा," तो म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं. त्यानं दुसरा सोडला. तो पहिल्याला खेटून बसला, तसाच वीतभर उजवीकडे.

हरणाच्या अंगावर वीतभर म्हणजे फुप्फुसापासून पोटापर्यंत.

आर्लोनं ठोकळ्यापाशी जाऊन मध्यापासून त्या दोन बाणांपर्यंत वीत लावून पाहिली. परत आला तेव्हा त्यानं डेल्मरच्या हातातून कात्री घेतली. नेड्राला वाटलं, आता आपली पाळी. ती वळून उभी राहिली.

मागून कापड कापल्याचा आवाज आला, पण तिचा शर्ट ओढला गेला नाही. तिनं वळून पाहिलं. आर्लोच्या हातात त्याच्याच शर्टाचा तुकडा होता.

"फांदी नव्हती," तो म्हणाला.