कुणाला कळू नये इतका वेग

अगं, तू नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर माझी गाडी घसरते. तर ताई अंघोळ करून बाहेर आली, केसांना टॉवेल गुंडाळलेला, आणि नेहमीसारखा तिचा हात भिंतीवरून सरकत खिडकीखालच्या टेबलावर गेला. तिथे तिचा फोन चार्जिंगला असतो. वायर सापडली, वायरच्या टोकाला फोनही सापडला, आणि हाताला पाल लागावी तसा तिने तो खाली टाकला.

"हा कुणाचा?"

"तुझाच!" दादा सोफ्यावरून म्हणाला. नुसता फुललेला. "नवा कोरा. घरात सगळ्यांना एकच मॉडेल घेतलंय. तू आत होतीस तेवढ्यात सिमपण घालून ठेवलं."

"माझा कुठे आहे?"

"ते डबडं? खालच्या दुकानात दिलं, बदल्यात. काच तडकलेली, तरी घेतलं त्यांनी. नशीब समज."

ताई म्हणजे माझ्या आत्याची मुलगी आणि दादा तिचा मोठा भाऊ, मी त्यांच्याकडेच राहते. ताईला दिसत नाही, जन्मापासून. पण फिजिओथेरपिस्ट आहे हां ती, लोक कण्हत येतात आणि हात हलवत जातात. दादा पक्का अँड्रॉइडवाला, म्हणजे वाद घालून समोरच्याला झोपवणारा. आणि ताईचा आयफोन. जेवताना रोज हेच चालायचं, तुझं ते उष्टं सफरचंद आणि तुझं ते हिरवं भूत. आम्ही हसायचो. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"कॅमेरा तर असा आहे ना," दादा अजून त्याच तोऱ्यात, "चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"दादा, मला चंद्रच दिसत नाही."

आता तिचं आणि त्या जुन्या फोनचं काय होतं ते ऐक, त्याशिवाय तुला कळणारच नाही ती इतकी का पेटली. बोट जिथे टेकेल तिथलं फोन बोलून दाखवतो. तीन बोटांनी टिचक्या मारल्या की पडदा काळा ठिक्कर, वाकून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. दोन बोटं बाटलीचं झाकण फिरवल्यासारखी फिरवली की शब्दावरून ओळीवर, ओळीवरून मथळ्यावर. आणि वेग! तिने आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवलेला की आपल्याला नुसतं टरर्रर ऐकू येतं, शिवणयंत्र चालल्यासारखं. तिला त्यातला शब्द न् शब्द कळतो. हेडफोन ती घालत नाही. कान झाकले तर घर दिसत नाही मला, म्हणते. म्हणून सगळ्यांच्या मधे बसून ती मेसेज ऐकायची, आणि घरात कुणाला काही पत्ता नाही. मला एकदा म्हणालीही होती, "या घरात आतून कडी लागणारी माझी एकच खोली आहे, आणि ती माझ्या हातात मावते."

आणि त्या दिवशी त्या खोलीत काय होतं, ते मला एकटीला माहीत. ताईला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. राहायला एक खोली बघितली होती, मालकीणबाईंचं उत्तर यायचं होतं. घरी ती खोली पक्की झाल्यावरच सांगणार होती. कारण मागच्या वेळी तिने आधी सांगितलं, तर दादाने काय करावं? परस्पर हॉस्पिटलला फोन लावून सांगितलं, ती येऊ शकणार नाही, आम्हाला पाठवणं जमणार नाही. ताईला न विचारता! नंतर म्हणे, काळजीपोटी.

"ऐक तर खरं," दादा म्हणाला, "बोलणारं सगळं चालू करून दिलंय. अगदी हळू, स्पष्ट, मोठ्ठा आवाज. आणि आपण सगळे एकमेकांना जोडलेले. कोण कुठे आहे, मला नकाशावर दिसणार. तू क्लिनिकमधून निघालीस की इथे ठिपका हलायला लागेल."

"ठिपका," ताई म्हणाली.

तिने फोन उचलला. दोन बोटं फिरवली. काही नाही. तीन बोटांनी टिचक्या मारल्या. भलतंच काहीतरी उघडलं. अगं, ही बाई डोळ्यांशिवाय रस्ता ओलांडते, आणि आमच्या देखत तिची बोटं त्या काचेवर चाचपडायला लागली. तिचे कान लाल झाले होते.

आणि तेवढ्यात तो फोन बोलला. बालवाडीतल्या बाईंसारखा. एकेक शब्द सुटा करून.

"नवीन. मेसेज. खोली तुम्हालाच देते. सोमवारी चावी घ्यायला या. तुम्ही एकट्याच राहणार ना? संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर दुसऱ्यांना देईन."

ताई त्याला गप्प करायला सगळीकडे बोटं मारत होती. तर तो पुन्हा पहिल्यापासून. "नवीन. मेसेज. खोली..."

आत्या दारात उभी होती, हातात घड्या घालायचे कपडे. दादा उठला.

"कसली खोली?"

ताई अजून तो आवाज बंद करायची जागा शोधत होती.

"कसली खोली, विचारतोय मी! सोमवारी? म्हणजे परवा? आम्हाला कधी सांगणार होतीस, बस सुटल्यावर?"

"हो," ताई म्हणाली. "बस सुटल्यावर. म्हणजे तुला ड्रायव्हरला फोन करून सांगता आलं नसतं की ती येऊ शकणार नाही."

"मी तुझ्या भल्यासाठी—"

"माझ्या भल्याचं सिम तू दुसऱ्या फोनात घालून टाकलंस, दादा! मी अंघोळ करत असताना! तुला कुणी विचारलं होतं? मी तुझा चष्मा उचलून दुकानात देऊन आले, आणि म्हटलं ही घे नवी फ्रेम, घरात सगळ्यांची सारखीच आहे, तर?"

"चष्म्याचं आणि फोनचं काय—"

"माझे डोळेच आहेत ते!"

मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, बघ.

दादाचा पण आवाज फाटला. "आणि तिकडे कोण असेल तुझ्याजवळ? एकदा माझ्या हातातून हात सुटला तर त्या खणलेल्या रस्त्यात पडलीस तू! अजून खूण आहे हनुवटीवर!"

"तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि तू सात. खड्डा ज्यांनी खणला त्यांच्यावर चीड ना. माझ्यावर किती दिवस पहारा देणार?"

मग ती एकदम हळू झाली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "जा. माझा फोन घेऊन ये. दुकान जेवायला बंद असेल तर पायरीवर बसून राहा. पण हात हलवत वर येऊ नकोस."

दादा गेला. दार आपटून, पण गेला.

ताई तडक आतल्या खोलीत, कपाट उघडून बॅगेत कपडे कोंबायला लागली. मी मागे. आत्या दाराशी. आता इथे एक सांगायचं राहिलं. ताई लहान असल्यापासून आत्या तिच्या प्रत्येक कपड्याला आतून, शिवणीपाशी, दोऱ्याच्या बारीक गाठी मारते. पांढऱ्याला एक, निळ्याला दोन, असं. ताई चिमटीने चाचपून रंग ओळखते. तर ती रागाच्या भरात कपडे उपसतेय, चिमटीने बघतेय, हे घ्यायचं, हे फेकायचं, आणि कपाटाच्या तळाशी तिचा हात थांबला.

कोरी चादर. कडक, अजून खळ न गेलेली. एका माणसाच्या पलंगाची. तसाच एक उशीचा अभ्रा. जाड टॉवेल. प्रत्येकाच्या कोपऱ्यात गाठी.

ताईने चादर उलगडली, लांबी-रुंदी हातांनी मोजली. या घरात तिचा आणि आत्याचा पलंग एकच आहे, मोठा.

"आई, हे कुणाचं?"

"तुझंच."

"कशाला?"

आत्या हातातल्या सदऱ्याची घडी घालत राहिली. "त्या बाई म्हणाल्या ना, खोलीत पलंग आहे, बाकी अंथरूण-पांघरूण तुमचं तुम्ही आणा."

मी ताईकडे बघितलं. कारण हा मेसेज मागच्या आठवड्यात आला होता. जुन्या फोनवर. शिवणयंत्राच्या वेगात.

"तुला कुणी सांगितलं?" ताईने मान माझ्या दिशेला वळवली. मी म्हटलं, आईशप्पथ मी नाही!

"हिने नाही," आत्या म्हणाली. "फोननेच सांगितलं. आधी नुसतं गुणगुणल्यासारखं वाटायचं. मग अधूनमधून एखादा शब्द पकडायला यायला लागला. कान आहेत, लागतात हळूहळू."

"कधीपासून?"

"झाली की वर्षं."

"कधीपासून, आई?"

"तो गाणारा मुलगा होता ना. त्याचं लग्न ठरल्याचं त्याने तुला कळवलं, तेव्हा मी इथेच गाठी मारत बसले होते."

ताई पलंगावर बसली. त्या मुलाचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मला नुसता अंदाज होता. तेव्हा आठवडाभर आत्या तिच्या उशाशी बसून असायची, आणि आम्हाला वाटायचं, ताईला ताप आहे म्हणून.

आत्या मला म्हणाली, "आणि तू हिला पाठवतेस त्या मेसेजांत मला चालतंबोलतं पोलीस ठाणं म्हणतेस, तेही माहीत आहे." अगं, मी जमिनीत गेले.

पण ताई विरघळली वगैरे नाही हां. तुला वाटेल आता गळ्यात पडेल. छे. ती पांढरी पडली होती.

"तू सगळं ऐकत होतीस. दादा निदान तोंडावर चोरी करतो. तू रोज माझ्या खोलीत शिरून बसत होतीस, आणि मी आपली कडी लावून निवांत!"

"डोळे मिटून घेता येतात गं," आत्या म्हणाली. "कान कसे मिटू?"

"सांगता आलं असतं!"

"सांगितलं असतं, तर तू कानात ते घालून बसली असतीस. घरात असून नसल्यासारखी." आत्याच्या हातातला सदरा पुन्हा सगळा उलगडला गेला होता. "मी कुणाला एक शब्द बोलले नाही. दादालासुद्धा नाही. तू निघालीस की हे पिशवीत घालून तुझ्या हातात देणार होते. नुसती."

"उपकार झाले."

असं म्हणाली ती. आईला. आत्याने सदरा पुन्हा घडीला घेतला.

दाराची बेल वाजली. दादा, घामाघूम. जुना फोन त्याने ताईच्या हातात ठेवला. "पायरीवर बसलो होतो," एवढंच म्हणाला. ताईने अंगठा काचेवरून फिरवला, कोपऱ्यातल्या तड्यावरून, पुन्हा एकदा तड्यावरून. आणि तो पलंगावर, त्या कोऱ्या चादरीवर ठेवून दिला.

"नवा दे."

"काय?"

"नवा फोन दे. सिम त्यातच राहू दे."

दादाचा चेहरा बघायला हवा होतास तू. "बघ! म्हटलं होतं ना मी, एकदा हातात घेतलास की—"

"एक शब्द बोलू नकोस. आधी तो नकाशा बंद कर. माझ्यादेखत... म्हणजे मला ऐकू येईल असा."

दादा घुटमळला. ताईने हात पुढे केलेला, तो मागे घेईना. शेवटी त्याने दाबलं, आणि फोन आपल्या बालवाडीच्या आवाजात म्हणाला, "ठावठिकाणा. बंद."

"आता वेग कुठे वाढवायचा ते दाखव."

त्याने तिचं बोट धरून जागा दाखवली. हा आवाज वेगळा होता ना, घोगरा, बाईचा. जुन्यासारखा मुळीच नाही, आत्याचे कान याला अजून लागलेले नव्हते. ताईने मालकीणबाईंना उत्तर लिहिलं, चुकत, खोडत, दात-ओठ खात: हो, एकटीच राहणार, सोमवारी येते. पाठवायच्या आधी तिने ते वाचायला लावलं. वेग वाढवला. पुन्हा. अजून वाढवला. आधी दादाला कळेनासं झालं, मग मला. टरर्रर. ताईलाही आता कपाळाला आठ्या घालून ऐकावं लागत होतं. पण तिची मान फोनकडे नव्हतीच. दाराकडे होती. आत्याकडे.

आत्या मान कलती करून ऐकत होती, ओठ जरासे हलत होते. मग ते हलायचे थांबले. मला वाटलं, संपलं, आता तिलाही कळत नाही.

"अजून थोडा वाढव," आत्या म्हणाली. "'सोमवारी' कळलं मला."

ताईचं बोट काचेवर होतं. नुसतं सरकवायचं होतं. आत्या वाट बघत उभी, जुना फोन पलंगावर, दादा एकदा हिच्याकडे बघतोय, एकदा तिच्याकडे.

आता बोल. तू तिच्या जागी असतीस, तर सरकवलं असतंस बोट?