विहीणबाईंचा कंदील

ऑरिंगबाई अजून माझ्या विहीण झालेल्या नाहीत, लग्न फेब्रुवारीत आहे. पण त्या मला केव्हाच ‘विहीणबाई’ म्हणायला लागल्या आहेत. बाईला घाई फार.

त्यातून नशीब असं की घरगुती यंत्रांच्या जत्रेत आमची दोघींची टेबलं समोरासमोर आली. सान फर्नांदोला बास्केटबॉलच्या मैदानावरच्या मोठ्या छपराखाली ही जत्रा भरते. ज्यानं घरी बसून जे काही जुळवलं, जोडलं, ते घेऊन यायचं आणि लोकांना हात लावू द्यायचा.

मी नाताळचे आकाशकंदील नाचवते, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर त्यांचे दिवे लावते-विझवते, जुन्या पद्धतीनं. एक पत्र्याचं पिंप, त्यावर टेकलेल्या केसांच्या पिना, आणि प्रत्येक पिनेला एकेका दिव्याची तार. पत्रा उघडा असेल तिथे दिवा लागतो, चिकटपट्टी आली की विझतो. पट्ट्या मी लावते. दांडा फिरवते माझी मुलगी मारिविक. गाणं सुरू झालं की तिचं मनगट आपोआप चालतं, तिला सांगावं लागत नाही. तिचा बाप गेल्यापासून आमची कंदिलांची शेड आम्ही दोघींनीच चालवलीय.

आता तिला ऑरिंगबाईंचा रेनन आवडला. आवडू दे. मुलगा साधा आहे, जेवतो मनापासून. पण त्याच्या आईचा अँजेलिस शहरात कारखाना आहे, तिथे कंदील कंप्युटरवर नाचतात. लग्नानंतर मारिविक माझ्या शेडमध्ये येत राहणार की त्या कारखान्यात जाणार, हे ती बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं लागतं.

सकाळ मजेत गेली, खोटं कशाला बोलू? सायकल मारली की बर्फ किसणारं एक यंत्र होतं, त्याच्यावर आमचे पाद्रीबाबा बसले आणि उतरायलाच तयार होईनात. शेजारी दोन नन्स कथील वितळवून छातीवर लावायचा लुकलुकता बिल्ला बनवत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, “तुझा लागत नाही, तू काल प्रार्थनेला झोपली होतीस.” मी पोट धरून हसले. माझ्या पिंपापुढेही पोरांची रांग होती.

दुपारी मारिविक म्हणाली, “इमा, जरा समोर बघून येते गं.” आमच्याकडे आईला इमा म्हणतात.

गेली ती तिकडचीच झाली. ऑरिंगबाईंच्या कंदिलापुढे ही गर्दी! बटण दाबलं की रंग बदलतो, टाळी वाजवली की विझतो. मारिविक पोरांना तारा दाखवत होती, हसत होती. उकाडा मरणाचा. तेवढ्यात ऑरिंगबाईंनी काय करावं? पिशवीतून छोटा टॉवेल काढला आणि तिच्या पाठीवर, ब्लाऊजच्या आत सरकवला, घाम टिपायला. ते काम आईचं असतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं, माझ्या पिशवीतही टॉवेल होता, घडीसुद्धा मोडली नव्हती.

मग बाई म्हशीच्या दुधाची खरवसासारखी वडी घेऊन माझ्याकडे आल्या. “घ्या विहीणबाई, सकाळपासून उपाशी दिसता.”

“साखर जरा जास्त झालीय,” मी म्हटलं, आणि सगळी संपवली.

“तिकडे या ना बघायला. तुमच्या लेकीनं काय बसवलंय ते बघा तरी.”

नाही म्हटलं तर जळफळाट दिसला असता, म्हणून गेले. मारिविकनं बटण दाबलं. बाहेरच्या पाकळ्या पेटल्या, मग आतल्या, मग मधला तारा. आणि त्यानंतर डावीकडची निळी पाकळी किंचित उशिरा लागली. पुन्हा फेरी, पुन्हा तीच मागे.

माझ्या पिंपाला त्या जागी पोचा आहे. पिन त्यावरून उडी मारते, म्हणून माझी निळी पाकळी अशी मागे राहते. अख्ख्या पाम्पांगा प्रांतात दुसऱ्या कुणाची राहत नाही.

“हे माझं आहे,” मी म्हटलं. “माझ्या शेडमधून उचललंय तुम्ही.”

ऑरिंगबाईंचा चेहरा उतरला. “उचलू कशाला, विहीणबाई? तिनंच बसवलं, कारखान्यात येऊन. मी सारखी मागे लागले, अगं ती निळी चुकतेय, सरळ कर. हात लावू देत नाही मला. म्हणते, इमाची अशीच लागते.” मग हळूच म्हणाल्या, “माझा रेनन माझ्याच हाताखाली शिकला. माझं एवढंसंसुद्धा असं जपलं नाही त्यानं. खरं सांगू, तुमचा हेवा वाटतो मला.”

घ्या. जिच्या नावानं मी दुपारपासून जळत होते, तीच माझ्यावर जळत होती. काळजाला गार वाटलं. वाटणारच, मी काही संत नाही.

पण ते टिकलं नाही. पोरगी मान खाली घालून उगाच एक तार सरळ करत होती, आणि तिच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जे पिंप रोज हाताशी असणार, त्याची नक्कल करून ठेवायची तिला गरज काय होती?

“म्हणजे तू यांच्या कारखान्यात जाणार,” मी म्हटलं.

“इमा, मी घरी गेल्यावर सांगणार होते.”

“आता सांग.”

तिनं ऑरिंगबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. “हो. लग्नानंतर यांच्याकडेच. पण मी येत जाईन ना गं. दर रविवारी येईन.”

मी मान डोलावली. आमच्याकडे रविवारी पाहुणे येतात.